रात्रपाळीचे घर आणि तेलाची वाटी

वाचकहो, रात्र विश्रांतीसाठी असते, असे आपण सारेच मानतो. परंतु ज्यांच्या श्रमांवर आपल्या आगगाड्या धावतात, रुग्णालये उघडी राहतात आणि घरोघरी वीज पोहोचते, अशा कित्येकांना ही विश्रांती दिवसा, भर उजेडात आणि शेजारच्या गलबल्यात शोधावी लागते. माझ्या आयुष्याची बत्तीस वर्षे अशाच एका माणसाच्या संसारात गेली. त्या काळात मी जे पाहिले आणि माझे हात जे शिकले, त्यातील थोडेसे आपणांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. विषय अगदी साधा आहे: रात्रपाळी करून आलेल्या माणसाच्या अंगाला तेल लावणे.

आमचे गाव भिलाई. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला आणि दुर्ग जिल्ह्यातील या माळावर पोलादाचा कारखाना उभा राहू लागला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली-राजहराच्या खाणींतून लोहखनिज येऊ लागले आणि भिलाईचे रूळ देशभर जाऊ लागले. आज हे गाव छत्तीसगढ राज्यात आहे. परंतु १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत या मुलखाची राजधानी नागपूर होती. नागपूर, वर्धा, भंडारा या बाजूंनी नोकरीसाठी आलेल्या मराठी कुटुंबांना हे गाव फारसे परके वाटले नाही, त्याचे हेही एक कारण असावे.

पोलादाच्या कारखान्याला रात्री कुलूप लावता येत नाही. ह्यांची नोकरी कोक भट्ट्यांवर होती. तेथे दगडी कोळसा हजार अंशांहून अधिक उष्णतेत सोळा-अठरा तास भाजला जातो, तेव्हा त्याचा कोक होतो. या भट्ट्यांच्या भिंती सिलिकाच्या विटांनी बांधलेल्या असतात. एकदा तापलेली भट्टी थंड होऊ दिली, तर त्या विटा आकुंचन पावतात आणि भिंतींना तडे जातात. म्हणून भट्टी वर्षानुवर्षे अखंड तापती ठेवावी लागते, आणि तिच्यापाशी माणसांना आळीपाळीने जागावे लागते. सकाळी सहा ते दोन, दुपारी दोन ते दहा आणि रात्री दहा ते सहा, अशा ह्यांच्या तीन पाळ्या असत.

मी १९७८च्या पावसाळ्यात वर्ध्याहून लग्न होऊन येथे आले. दोन खोल्यांचे क्वार्टर, मागे न्हाणीघर आणि अंगणात एक कडुनिंब, एवढा आमचा संसार. पाळी दर आठवड्याला बदले. सकाळपाळीच्या आठवड्यात आमचे घर चारचौघांसारखे असे. रात्रपाळीचा आठवडा लागला, की घराचे सारे गणितच पालटून जाई. हे सकाळी साडेसहाला सायकलवरून परतत. त्याच सुमारास दूधवाला हाक देई, भाजीवाली आळीत शिरे, शाळेची मुले दप्तरे घेऊन बाहेर पडत. ह्यांनी अंथरुणाला पाठ टेकावी आणि जेमतेम दहा-अकराला डोळे उघडावेत. मग दिवसभर डोके जड, अन्नावर वासना नाही आणि बारीकसारीक गोष्टींचा संताप.

१९८० साली मोठी मुलगी झाली. ती रडू लागली, की मी तिला पदराखाली घेऊन अंगणात जाऊन बसे; कारण आत एक माणूस झोपेशी झगडत पडलेला असे. मे महिन्याच्या अखेरीस, ज्यास इकडे ‘नवतपा’ म्हणतात त्या नऊ दिवसांत, ओल्या वाळ्याच्या पडद्यांआडसुद्धा अंथरूण घामाने भिजे. मुलगी चार वर्षांची होईपर्यंत तिला खेळतानाही कुजबुजत बोलण्याची सवय लागली. भातुकलीतल्या बाहुलीलासुद्धा ती ओठांवर बोट ठेवून ‘बाबा निजलेत’ असे बजावी. शेजारपाजारच्या बायकांना याचे कौतुक वाटे. माझ्या मात्र काळजात चर्र होई.

येथे क्षणभर थांबून, दिवसाची झोप इतकी दुर्मिळ का असते ते पाहू. आपल्या मेंदूत एक घड्याळ असते आणि डोळ्यांवाटे येणारा उजेड ते रोज लावीत असतो. रात्री अंधार पडला, की मेलाटोनिन नावाचे द्रव्य रक्तात उतरू लागते, शरीराची उष्णता किंचित कमी होते आणि झोपेची वाट मोकळी होते. पहाटेनंतर हे सारे उलट दिशेने चालू लागते. पेशींमधील या घड्याळाची रचना उलगडून दाखविणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. रात्रपाळीचा माणूस घरी येतो, तेव्हा त्याचा थकवा त्याला ‘नीज’ म्हणत असतो आणि हे घड्याळ ‘ऊठ’ म्हणत असते. हा दोष त्याच्या स्वभावाचा नव्हे आणि घरच्या मंडळींचाही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली आणि पुन्हा २०१९ साली रात्रपाळीच्या कामाची गणना ‘मानवात बहुधा कर्करोगकारक’ अशा वर्गात केली. तेव्हा हा विषय केवळ चिडचिडीचा नाही, हे आपल्या ध्यानी येईल.

या सगळ्यावर तेलाची वाटी काय करणार, असे कोणी विचारील. मलाही प्रारंभी तसेच वाटत असे.

१९८४ साली आमची धाकटी मुलगी भिलाईतच जन्मली. बाळ-बाळंतिणीला तेल लावण्यासाठी जवळच्या खेड्यातून एक वृद्ध छत्तीसगढी बाई येई. आम्ही तिला दाई म्हणत असू. छत्तीसगढीत आईलाच दाई म्हणतात. मोहाच्या बियांना तिकडे टोरी म्हणतात, आणि त्या टोरीचे घट्ट, पिवळसर तेल ती बाटलीत भरून आणी. एके दिवशी सकाळी माझ्या अंगाला तेल लावताना तिला दाराच्या फटीतून हे दिसले. उताणे पडलेले, डोळे सताड उघडे, नजर छताच्या पंख्यावर. ती हलक्या आवाजात मला म्हणाली, “बेटी, याला झोप येत नाही असे नाही. याचे अंग अजून कामावरून घरी आलेले नाही.” परपुरुषाच्या अंगाला तेल लावणे तिच्या रीतीत बसणारे नव्हते. तिने माझाच पाय मांडीवर घेतला आणि कोठे कसा हात चालवावा ते मला शिकविले. सव्वा महिना ही शिकवणी चालली होती.

ती रीत मी येथे देते, कारण ती कोणत्याही घरात करता येईल. कामावरून आल्यावर प्रथम कोमट पाण्याने स्नान करावे. नंतर दूध-पोहे, मऊ भात असे थोडे काही पोटात घालावे. भरपेट जेवण नको आणि चहा तर नकोच. खोलीत अंधार करावा. तेलाची वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवावी आणि तेलाचा थेंब आपल्या मनगटावर टाकून पाहावा. आम्ही हिवाळ्यात तिळाचे तेल घेत असू आणि उन्हाळ्यात खोबरेल. प्रारंभ पायांपासून करावा. दोन्ही अंगठ्यांनी तळवा टाचेकडून बोटांकडे दाबीत न्यावा, बोटे एकेक करून हलकेच ओढावीत, घोट्याभोवती गोल हात फिरवावा. पोटऱ्यांवर पूर्ण तळहात टेकवून तो खालून वर, हृदयाच्या दिशेने न्यावा. नंतर हात, आणि मग खांदे. मान आणि खांदा यांच्यामधला स्नायू कणीक तिंबावी तसा मळावा. रात्रभराचा ताण बहुधा तेथेच साठलेला सापडतो. शेवटी डोके. तेथे नखे लागू देऊ नयेत, बोटांची टोकेच फिरवावीत. सारे मिळून वीस मिनिटे पुरतात. शेवटचे हात इतके सावकाश फिरवावेत, की दुधावरची साय मोडू नये, असे दाई म्हणे.

दाईच्या या सावकाशपणाला शास्त्राचा आधार आहे, हे मला फार पुढे वाचनातून कळले. माणसाच्या केसाळ त्वचेत काही सूक्ष्म मज्जातंतू असे असतात, की सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर इतक्या मंद गतीने फिरणाऱ्या कोमट स्पर्शालाच ते उत्तम प्रतिसाद देतात. घाईने फिरणाऱ्या हाताला ते फारशी दाद देत नाहीत. आई बाळाच्या पाठीवरून हात फिरविते, तिची गती हीच असते. तिला ती कोणी मोजून दिलेली नसते.

आपल्या महाराष्ट्रात तळपायांना काशाच्या वाटीने तूप किंवा तेल घासण्याची जुनी चाल आहे. माझ्या सासूबाई वर्षातून दोन महिने आमच्याकडे राहावयास येत, तेव्हा वाटी आपल्या ट्रंकेत घालून आणीत. वाटी घासता घासता तळवा काळा होतो आणि ‘अंगातली उष्णता निघाली’ असे म्हणतात. वस्तुतः कासे हा तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू आहे. घासण्याने धातूचे सूक्ष्म कण सुटून तुपात मिसळतात आणि त्यातूनच तो काळेपणा येतो. पण म्हणून वाटी टाकून देण्याचे कारण नाही. तळव्यावर गोल गोल फिरणारा तो गुळगुळीत, संथ दाब फार सुखावह असतो, आणि हे त्या वाटीखाली घोरू लागल्याचे मी कित्येकदा पाहिले आहे. सासूबाईंना मी काळेपणाचे कारण सांगितले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “असेल बाई. पण झोप तर लागली ना?”

आपल्या जुन्या वैद्यांनीही या गोष्टीचा बारकाईने विचार केलेला आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथातील दिनचर्येत अभ्यंग नित्य करावा असे सांगितले आहे, आणि मस्तक, कान व पाय या तीन ठिकाणी तो विशेषेकरून करावा, असाही निर्देश आहे. त्याच ग्रंथात झोपेचे विवेचन करताना, सवय नसता रात्री जागरण घडले तर जितका वेळ जागरण झाले त्याच्या निम्मा वेळ सकाळी, अन्न घेण्यापूर्वी झोपावे, असे सांगितले आहे. भरल्या पोटी झोपू नये, हा त्यातील मर्म आजही रात्रपाळीच्या माणसास उपयोगी पडण्यासारखा आहे. ज्यांची झोप उडाली आहे त्यांच्यासाठी सुचविलेल्या उपायांत दूध, अभ्यंग, उटणे आणि स्नान यांचा समावेश आहे. ज्या काळी आजच्यासारखे कारखाने नव्हते, त्या काळीही पहारेकरी होते, सुइणी होत्या, आजाऱ्यापाशी बसणारी माणसे होती. जागरण ही काही यंत्रयुगानेच आणलेली गोष्ट नव्हे.

आता मालिशचा जो लाभ मला सर्वांत मोठा वाटतो, त्याकडे वळते.

आमच्या घरी एक नियम ठरून गेला होता. तेल लावताना संसाराच्या कागाळ्या करावयाच्या नाहीत. किराण्याचा हिशेब, शाळेची फी, गावाकडून आलेली पत्रे, हे सारे संध्याकाळी. त्या वीस मिनिटांत बोलावेसे वाटले तर बोलावे, नाही तर गप्प राहावे. १९८६च्या हिवाळ्यात एकदा मी पाठीला हात लावला, तो खांदे दगडासारखे लागले. पाठोपाठ तीन दिवस तीच स्थिती. मी काही विचारले नाही. तेल चोळणे थांबवून दोन्ही तळहात तेथेच ठेवून बसले. काही वेळाने हे पालथ्या अवस्थेतच म्हणाले, “परवा सकाळी येताना सायकलवर डोळा लागला गं. ट्रकवाल्याने भोंगा वाजविला म्हणून वाचलो.”

माझ्या हातातले तेल थंड झाले. परंतु ओरडून काही साधणार नव्हते. समोरासमोर बसून चहा पिताना हे बोलणे ह्यांच्याने झाले नसते. आपल्याला भीती वाटली, हे सांगण्याची रीत आमच्या पिढीच्या पुरुषांत नव्हती. तोंड उशीत, पाठीवर ओळखीचा हात आणि खोलीत अंधार, म्हणून ते शब्द बाहेर आले. त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही ठरविले, की शेजारच्या दोघांच्या सोबतीनेच परतावयाचे, निघण्यापूर्वी दहा मिनिटे डोळे मिटून बसावयाचे, आणि वाटेत पापण्या जड झाल्या तर सायकलवरून उतरून चालावयाचे. पुढे नोकरी संपेपर्यंत हा क्रम मोडला नाही. रात्रपाळीच्या घरात नवरा-बायकोची भेट फार थोडा वेळ होते आणि त्या थोड्या वेळात तक्रारीच तेवढ्या बोलल्या जातात. तेलाच्या त्या वीस मिनिटांमुळे आमच्या घरात तक्रारींखेरीजही काही बोलले जाऊ लागले.

याचा अर्थ मालिश हे सर्व रोगांवरचे औषध आहे, असा कृपया घेऊ नये. संशोधकांनी याची तपासणी केली आहे. मालिशने स्नायूंचे दुखणे आणि मनाची अस्वस्थता काही काळ कमी होते, नाडी संथ होते, असे पुष्कळ पाहण्यांत दिसले आहे. परंतु या पाहण्या बहुधा लहान आणि थोड्या मुदतीच्या आहेत. मालिशने ताणाचे द्रव्य रक्तातून झपाट्याने नाहीसे होते, असे सांगितले जाते, पण काळजीपूर्वक केलेल्या मोजणीत तो फरक अगदी अल्प आढळला. तेलाने मेंदूतले घड्याळ उलटे फिरत नाही. रात्रपाळी कितीही तेल लावले तरी रात्रपाळीच राहते. मग उरते काय? कामाचा शेवट आणि झोपेचा आरंभ यांच्यामध्ये एक उंबरठा तयार होतो. रोज त्याच क्रमाने, त्याच सावकाशीने तेल लागले, की आता निजावयाचे आहे ही खूण शरीर हळूहळू ओळखू लागते. आमच्याकडे ह्यांची दिवसाची झोप चार तासांवरून साडेपाच-सहा तासांवर गेली, आणि तेवढ्याने घरातला संताप पुष्कळ उतरला. मुलींना पुन्हा मोठ्याने हसता येऊ लागले; त्या दुपारी हसत, कारण ती झोप तेवढ्यातेवढ्याने मोडत नसे.

हात जसा आराम देतो, तसाच तो इशाराही देतो. १९९८ साली ह्यांचा घोटा मोडून पाय प्लॅस्टरमध्ये होता. प्लॅस्टर निघून आठवडा झाल्यावर मी पुन्हा तेल लावावयास बसले. उजवी पोटरी डावीपेक्षा स्पष्टपणे जाड होती, हाताला ऊन लागत होती, आणि दाबताच हे कळवळले. इतक्या वर्षांत त्या पायाची माझ्या हाताला ओळख झालेली होती. हा पाय नेहमीचा नव्हे, हे क्षणात जाणवले. मी तेल बाजूला ठेवले आणि आम्ही रिक्षाने रुग्णालय गाठले. खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली आढळली. डॉक्टर म्हणाले, “ही पोटरी चोळली नाहीत, हे फार बरे केलेत. गुठळी सुटून फुप्फुसात गेली असती, तर प्राणावर बेतले असते.” वाचकहो, हे वाक्य मी आपणांसाठी मुद्दाम लिहून ठेवीत आहे. एकच पोटरी सुजली असेल, ऊन लागत असेल, दुखत असेल, तर तेथे हात लावू नये. तडक डॉक्टरांकडे जावे. ताप असताना, जखमेवर, ताज्या लचकेवर किंवा त्वचेच्या विकारावर मालिश करू नये. फुगलेल्या शिरा दाबू नयेत. रक्त पातळ करण्याची औषधे चालू असतील, किंवा स्त्री गरोदर असेल, तर आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. आणि केशकर्तनालयात चंपीनंतर मान कडकन मोडून देण्याची जी पद्धत आहे, तिला स्पष्ट नकार द्यावा. त्या झटक्याने मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते.

आता माझ्या वाचक भगिनींच्या मनात एक प्रश्न केव्हाचा उभा राहिला असेल: हे सारे ठीक आहे, पण बाईच्या अंगाला तेल कोण लावणार? प्रश्न अत्यंत रास्त आहे. रात्रपाळीच्या घरात घरधनी एकटाच जागत नाही. रात्री दहाला डबा भरून देणारी, पहाटे पाचला पाणी तापविणारी आणि दिवसभर मुलांना व दाराच्या कडीलाही गप्प ठेवणारी बाई दोन्ही पाळ्या करीत असते. वर्ष-दोन वर्षांनी माझे अंगठे ठणकू लागले. सुटीच्या एका दिवशी लाटणे हातातून निसटलेले ह्यांनी पाहिले. काही न बोलता त्यांनी वाटी गरम पाण्यात ठेवली आणि मला पाटावर बसविले. भट्टीवर काम करणारा तो हात! पहिल्याच दाबाला मी ओरडले, “अहो, ही माझी मान आहे, कोळशाची गाडी नव्हे.” दोघेही खूप हसलो. दाईने मला शिकविले, तसे मग मी ह्यांना शिकविले. तेव्हापासून आठवड्याच्या सुटीचा दिवस माझा ठरला.

पुरुषाने तेलाचा हात लावण्यात कमीपणा आहे, असे ज्यांना वाटते, त्यांनी कोल्हापूरच्या तालमींकडे पाहावे. तेथे पहिलवान एकमेकांचे अंग रगडतात आणि त्यात कोणाची प्रतिष्ठा कमी होत नाही. १९५७च्या ‘प्यासा’ चित्रपटातील जॉनी वॉकरचा तेलमालिशवाला आजही लोकांना आठवतो. इंग्रजीतला ‘शांपू’ हा शब्दही आपल्या चंपीपासूनच निघाला आहे. १७५९ साली जन्मलेल्या शेख दीन महंमद नावाच्या बिहारी गृहस्थाने इंग्लंडातील ब्रायटन येथे वाफेचे स्नान आणि चंपी यांचे स्नानगृह चालविले, आणि पुढे त्या देशाचा राजा चौथा जॉर्ज याने त्यास आपल्या सेवेत ‘शांपू शल्यवैद्य’ म्हणून नेमले. पुरुषाच्या हातांनी ही विद्या सातासमुद्रापार नेली. तिला घरातल्या दुसऱ्या खोलीपर्यंत आणणे काही अवघड नाही.

काळ पालटला, तशी रात्रपाळीही पालटली. १९४८च्या कारखाना अधिनियमानुसार स्त्रियांना संध्याकाळी सातनंतर कारखान्यात कामाला ठेवण्यास सामान्यतः मनाई होती. रुग्णालयातील परिचारिकांना मात्र रात्र कधीच चुकली नाही. आमची धाकटी मुलगी, जी दाईच्या हाताखाली न्हाऊ-माखू घातली गेली, ती आज रायपूरला परिचारिका आहे. महिन्यातल्या काही रात्री ती वॉर्डात जागते. हे २०१० साली निवृत्त झाले. रात्रपाळी आटोपून मुलगी कधी परस्पर आमच्याकडे आली, की तिचे तांबारलेले डोळे पाहून हे स्वयंपाकघरात जातात आणि तेल तापत ठेवतात. प्रथम तिला संकोच वाटला; “बाबा, तुम्ही कशाला?” म्हणाली. हे म्हणाले, “इतकी वर्षे मी घेतले आहे, आता थोडे देऊ दे. आणि वीस मिनिटे बोलू नकोस.” तिच्या डोक्यावरून फिरणारा तो खरखरीत, म्हातारा हात मी दारातून पाहते. आमच्या जावयांनीही मध्यंतरी मला विचारले, “आई, तळवा टाचेपासून दाबावयाचा की बोटांपासून?” मी त्यांना पाटावर बसवून रीतसर दाखविले.

जाता जाता एक गोष्ट कारखाने, रुग्णालये आणि कचेऱ्या चालविणाऱ्या मंडळींनाही विनयाने सांगावीशी वाटते. घरातल्या तेलाने कामाच्या वाईट आखणीची भरपाई होत नाही. लागोपाठच्या रात्री थोड्या असाव्यात, दोन पाळ्यांमध्ये पुरेसा विसावा असावा, आणि पाळी बदलताना सकाळ, दुपार, रात्र असा पुढचा क्रम ठेवावा. शरीराला तो मागच्या क्रमापेक्षा सोपा जातो. एवढे त्यांनी करावे, उरलेले घरच्यांनी करावे.

वाचकहो, आज रात्री आपल्याही घरातून कोणी डबा घेऊन बाहेर पडत असेल. उद्या सकाळी त्या माणसाला वर्तमानपत्र, बिले आणि गाऱ्हाणी देण्यापूर्वी खोलीचे पडदे ओढा आणि तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवा. पहिल्या दिवशी हात अवघडेल, काय बोलावे ते सुचणार नाही. न बोलताच सुरुवात करा. आणि सुटीच्या दिवशी वाटी दुसऱ्याच्या हाती देण्यास विसरू नका.